गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर : परिप्रश्नाची वाट

भगवंतांनी गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याचे तीन उपाय सांगितले आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. यांपैकी पहिल्याचे आणि तिसऱ्याचे आपल्याकडे कौतुक फार. गुरूच्या पायी डोके ठेवावे, गुरुघरचे पाणी भरावे, हे लहानपणापासून आम्ही ऐकत आलो. परिप्रश्नाची गत मात्र घरातल्या मधल्या मुलासारखी झाली आहे. थोरल्याला मान, धाकट्याचे लाड, आणि मधला आपला कोपऱ्यात उभा! वास्तविक अर्जुनाने विचारले म्हणून गीता झाली. नाथमहाराजांना जुन्या पोथ्यांतले पाठ एकमेकांशी जुळेनात, म्हणून त्यांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. शंका आली नसती तर अशुद्ध पाठच आपण आजवर भक्तिभावाने घोळवीत बसलो असतो.

या महिन्यात आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे मांडणार आहो, ते संत म्हणून कोणी पुजलेले नाहीत. ते गवई होते. तथापि ते कीर्तनकाराच्या पोटी जन्मले, रामनाम घेत गेले, आणि मधल्या काळात त्यांनी विद्येच्या बंद दारावर प्रश्नाची थाप मारून ते दार सर्वांसाठी उघडले. ते गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर होत.

यांचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. हे पलूस पूर्वीच्या सातारा जिल्ह्यातले. 1949 साली त्या जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले, म्हणून आज आपण ते सांगली जिल्ह्यात धरतो. विष्णुपंतांचा जन्म कुरुंदवाडास 18 ऑगस्ट 1872 रोजी झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तन करीत आणि कुरुंदवाडच्या संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. पोराचा गळा गोड. वडिलांच्या मागे उभा राहून तो झील धरी. कीर्तनात मागे उभे राहणे म्हणजे काय, हे आम्हा लोकांना वेगळे सांगायला नको. पुढच्याच्या मुखातून शब्द निघण्याआधी मागच्याला तो ओळखावा लागतो. ही कानाची शाळा विष्णूला पाळण्यापासून लाभली.

पण दत्तजयंतीच्या उत्सवात दारू उडविताना घात झाला. ठिणगी डोळ्यांत गेली आणि दृष्टी अधू झाली. शाळेचा मार्ग खुंटला. उपचारासाठी मुलाला मिरजेस नेले. तेथील डॉक्टर भडभडे यांनी डोळ्यांबरोबर गळाही पाहिला, आणि या मुलाला गायन शिकवावे असे सुचविले. मिरजेच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि दरबारचे गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती विष्णूला सोपविले.

बाळकृष्णबुवांविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे श्रेय या पुरुषाला आहे. विद्येसाठी ते तरुणपणी परमुलखात हिंडले, उपाशी राहिले, गुरुघरी पडेल ते काम केले. शेवटी वासुदेवबुवा जोशी यांच्या कृपेने त्यांना विद्या मिळाली. ज्याने अशा कष्टाने धन मिळविले तो ते सहज कसे उधळील? शिष्याने पहाटे उठावे, तंबोरा जुळवावा, गुरु गातील तसे गावे, शेकडो वेळा गावे. का आणि कसे हे विचारण्याची रीत त्या काळच्या कोणत्याच गुरुघरी नव्हती. विष्णूने सुमारे नऊ वर्षे ही तपश्चर्या केली. गळा तयार झाला तो या भट्टीत. आम्ही त्या पद्धतीची निंदा करीत नाही, कारण प्रणिपात आणि सेवा यांवाचून पायाच बसत नाही. परंतु नुसत्या पायावर कोणी संसार मांडीत नाही, भिंतीही लागतात.

आता ज्या प्रसंगाने या शिष्याच्या मनात पहिली ठिणगी पडली, तो ऐका. सांगतात, की मिरजेत एका समारंभाला विष्णूला मानाने बोलावणे आले. त्याने पाहिले तो आपले गुरूच तेथे नाहीत. चौकशी करता समजले, की राजाश्रयामुळे शिष्याला आमंत्रण आहे, पण त्याचे गुरु पडले गवई, म्हणून त्यांना नाही. ज्याच्या पायाशी बसून विद्या घ्यायची त्याला सभेत बसायला जागा नाही, हे कसे? देवाची स्तुती ज्या विद्येने होते, ती विद्या जाणणाऱ्याची किंमत इतकी कमी का? हा प्रश्न त्या तरुणाच्या काळजात काट्यासारखा रुतला. त्याने तो कोणावर रागावून संपविला नाही. उत्तर शोधण्यासाठी 1896 साली त्याने मिरज सोडली.

पुढे बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर असा प्रवास झाला. राजवाड्यात आणि देवळात गाणारे पुष्कळ होते. विष्णु दिगंबरांनी सौराष्ट्रात तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर गायन केले. तिकीट हा शब्द भाविकांच्या कानाला खटकेल. पण त्यामागचा हेतू पाहा. गवयाला राजाची मर्जी सांभाळावी लागू नये आणि सामान्य माणसालाही उत्तम गाणे ऐकता यावे, हा तो हेतू. गिरनारावर त्यांना एक साधू भेटला आणि त्याने उत्तरेकडे जाण्याची आज्ञा केली, अशीही कथा सांगतात.

या प्रवासातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा मुक्काम मथुरेचा. नऊ वर्षे जे ख्याल गायिले, त्यांचे शब्द बहुतेक व्रजभाषेतले. दक्षिणेत येता येता गवयांच्या मुखी त्या शब्दांची पार मोडतोड झालेली. गाणाऱ्याला अर्थ ठाऊक नाही आणि ऐकणाराही विचारीत नाही, असा सगळा कारभार. नावलौकिक मिळू लागलेला हा पंचविशीचा गवई मथुरेत थांबला आणि विद्यार्थी होऊन व्रजभाषा शिकला. तेथल्या जुन्या गुणिजनांपाशी बसून ध्रुपदाचाही अभ्यास केला. जे आपण रोज गातो त्याचा अर्थ काय, एवढा साधा प्रश्न! परंतु तो विचारण्यासाठी आपल्याला अर्थ येत नाही हे आधी कबूल करावे लागते. तेच कठीण. त्यात अभिमान आडवा येतो.

येथे आमचीच एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे शिक्षण जुन्या पद्धतीच्या एका पाठशाळेत झाले. रूपावली, अमरकोश, लघुकौमुदी, सगळे घोकून पाठ. मध्ये कोणी काही विचारले, तर आधी पाठ कर आणि मग विचार, असे उत्तर ठरलेले. पाठ झाल्यावर विचारायचे काय होते तेच विसरून जाई! पुढे कीर्तनाला उभे राहू लागलो. लोक बुवा म्हणू लागले, हार पडू लागले. एकदा कृष्णाकाठच्या एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन झाले. मृदंगाला एक वृद्ध शेतकरी बसले होते. रात्री ओसरीवर पान जमवता जमवता त्यांनी सहज विचारले, की बुवा, तुम्ही आज जो अभंग घेतला त्यातल्या निरुते या शब्दाचा अर्थ काय? तीस वर्षे तो शब्द आम्ही गात होतो. अर्थ कधी पाहिला नव्हता. पण ठाऊक नाही असे म्हणायला जीभ रेटेना. निरुते म्हणजे निवांत, असे आम्ही ठोकून दिले. म्हातारबुवांनी मान हलविली आणि जो अर्थ आम्ही सांगितला तो खरा मानून ते झोपी गेले. आमची झोप मात्र उडाली. घरी येऊन कोश काढला. निरुते म्हणजे निश्चित, खरोखरीचे. खरेपणाचा शब्द, आणि त्याचाच अर्थ सांगताना आम्ही खोटे बोललो! पुढच्या एकादशीला त्या गावी पुन्हा गेलो आणि सर्वांसमक्ष चूक कबूल केली. म्हातारबुवा हसले. म्हणाले, की त्यांना थोडा संशय आलाच होता, कारण निवांत धरला तर पुढचा चरण जुळत नव्हता. पाहा, ज्यांना आम्ही नुसते वाजविणारे समजलो, ते अर्थाची संगती लावीत वाजवीत होते. तेव्हापासून विष्णु दिगंबरांचा मथुरेचा मुक्काम आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांनी तरुणपणी केले ते करायला आम्हाला पन्नाशी उलटावी लागली.

असो. मूळपदावर येऊ.

5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन झाले. लाहोर आज पाकिस्तानात आहे. मराठी माणसाने भाषा परकी, माणसे परकी अशा ठिकाणी जाऊन गायनाची शाळा काढावी, हे धाडसच. आरंभी विद्यार्थी फारच थोडे आले. भल्या घरची मुले गाणे शिकत नसत, मग मुलींची गोष्ट कशाला! पण शिस्त, प्रार्थना आणि सात्त्विक वातावरण पाहून हळूहळू लोकांचा विश्वास बसला. मुलेही आली आणि कुलीन स्त्रियाही शिकू लागल्या.

या शाळेत नवे काय होते? पहिले म्हणजे, एका गुरूपुढे एक शिष्य याऐवजी अनेकजण एकत्र बसून शिकू लागले. एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला कळू लागली. दुसरे, स्वरलिपी. कोणता स्वर, किती मात्रांचा, सम कोठे, हे खुणांनी कागदावर उतरविण्याची पद्धत त्यांनी बसविली आणि त्याप्रमाणे क्रमिक पुस्तके छापली. छापखाना शाळेचाच आणि वाद्ये दुरुस्त करण्याची व्यवस्थाही शाळेचीच. संगीतामृत प्रवाह नावाचे मासिकही निघाले. पुस्तकात बंदिश आली की विद्यार्थी विचारू शकतो, की गुरुजी, येथे लिहिले आहे शुद्ध आणि आपण गायिलात कोमल, हे कसे? पोथी समोर असली की प्रश्नाला आधार मिळतो. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जुळविल्या, तेही असेच.

या स्वरलिपीवर टीकाही झाली. सर्व गाणे काही कागदावर मावत नाही. मींड, आंदोलन, श्वास यांना खूण कोठून आणावी? पंडित विष्णु नारायण भातखंडे त्याच काळात वेगळ्या मार्गाने हेच काम करीत होते. त्यांची स्वरलिपी सुटसुटीत म्हणून पुढे अधिक रुळली. दोघांचे सगळे पटत होते असे नाही. पण दोघे दोन बाजूंनी खणत गेले म्हणून विहिरीला पाणी लागले. इकडे सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीही बावीस श्रुतींचा विचार केला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा गळा आणि आपले गणित एकत्र आणून त्यांनी मोजमाप मांडले, आणि 1910 साली त्यावर पुस्तक केले. गणिती एकटा बसता तर हाती आकडेच राहते. गवई एकटा असता तर त्याचे रहस्य त्याच्याच गळ्यात राहते.

आणि मिरजेचा तंबोरा तरी एकट्याची करणी आहे काय? शस्त्रे करणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्ये बनविण्यास आरंभ केला. त्या तंबोऱ्याचा भोपळा येतो आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठाहून. भोपळा पिकविणारा शेतकरी, लाकूड कोरणारा कारागीर, जवारी लावणारा, कानाने जोखणारा गवई, इतके हात लागतात तेव्हा एक षड्ज बोलतो. वीणेकऱ्याने वीणा गळ्यात घेताना हे स्मरावे.

1908 साली महाविद्यालयाची मुंबईस स्थापना झाली. तेथे उपदेशक वर्ग होता. नऊ वर्षे राहण्याचा करार करून मुले येत, त्यांचे अन्नवस्त्र गुरुजी पाहत, आणि पुढे त्या मुलांनी गावोगाव जाऊन शिकवावे अशी योजना होती. गुरुजी शिस्तीचे कडक. मुले त्यांना वचकून असत, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु शिष्यांनी आपल्या बाहेर काही पाहू नये, असा हट्ट त्यांनी धरला नाही. मिरजेचेच बा. र. देवधर कॉलेजात शिकले, पाश्चात्य संगीतही शिकले, आणि पुढे सर्व घराण्यांच्या गवयांपाशी जाऊन विचारून विचारून त्यांनी विद्या साठविली. लहानगे कुमार गंधर्व याच देवधरांपाशी शिकले. मिरजेचे विनायकराव पटवर्धन, कोल्हापूरचे नारायणराव व्यास, गुजरातचे ओंकारनाथ ठाकूर हे सर्व एका ताटातले, पण प्रत्येकाचे गाणे निराळे. 1918 पासून महाविद्यालयाने संगीत परिषदाही भरविल्या. जे गवई एकमेकांपासून चिजा लपवीत, ते एका मांडवात येऊन बसले.

पुढचा भाग दुःखाचा आहे. मुंबईस इमारत बांधली ती कर्जावर. गुरुजी गाऊन पैसा आणीत आणि शाळेत ओतीत, पण व्याजाचे तोंड मोठे. अखेर 1924 साली इमारतीचा लिलाव झाला. घरचे दुःख त्याहून मोठे. बारा मुले झाली. त्यांतील अकरा लहानपणीच गेली. 1921 साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा राहिला. मन आधीच विरक्तीकडे वळले होते. 1922 साली त्यांनी नाशिकास रामनाम आधार आश्रम काढला होता. भगवी वस्त्रे, तुलसीरामायणावर प्रवचन, आणि गावोगाव रामधून. महात्मा गांधींच्या मेळाव्यांतून देशभर पसरलेली रामधून याच गळ्यातून लोकांपर्यंत पोचली. काही रसिक हळहळले, की एवढा गवई भजनात बुडाला. आम्ही म्हणतो, कीर्तनकाराचा मुलगा फिरून बापाच्या दारी आला. आणि अंगातले तेज विरक्तीनेही विझले नव्हते. 1923 साली काकिनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात गायनाला हरकत घेतली गेली, तेव्हा त्यांनी ती न जुमानता वंदे मातरम् पुरे गायिले.

शेवटी शरीर थकले. त्यांना मिरजेस आणले, आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. साठीही पुरी झाली नव्हती. ज्या गावी प्रश्न पडला, त्याच गावी प्रवास संपला.

आता आपण हिशेब करू. इमारत गेली. पैसा नव्हताच. एकुलता मुलगा दहा वर्षांचा. बापाची विद्या त्याला मिळायची कशी? जुन्या रीतीप्रमाणे विष्णु दिगंबरांनी आपली विद्या स्वतःपाशी झाकून ठेवली असती, एखाद्या बंद पेटीसारखी, तर त्या दिवशी चिता पेटली तेव्हा पेटीही जळून गेली असती. परंतु त्यांनी ती आधीच वाटून टाकली होती. विनायकरावांपाशी ती होती, नारायणरावांपाशी होती, छापील पुस्तकांत होती. बापाने परक्यांच्या मुलांना जे दिले, ते त्या मुलांनी मोठे होऊन बापाच्या मुलाला दिले. दत्तात्रेय शिकला, आणि चौदाव्या वर्षी, 1935 साली, जालंदरच्या हरिवल्लभ मेळ्यात गायिला. त्या मेळ्यात वडील पूर्वी गायिले होते. पुढे दत्तात्रेय विष्णु पलुसकर हे नाव देशभर गाजले. त्यांची भजने अजून घरोघर ऐकतात. 1955 साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी तेही गेले. पण गाणे गेले नाही. शिष्यांनी 1931 सालीच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले होते. त्याच्या परीक्षांना आजही देशभरातले विद्यार्थी बसतात.

आजच्या मुलांजवळ मोबाईल आहे. हवे ते कीर्तन, हवा तो राग, बसल्या जागी ऐकता येतो. आमच्याकडे येणारी मुले आमच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण करून घेतात आणि तंतोतंत तसेच म्हणून दाखवितात. आमची चूकही तंतोतंत! मग आम्ही थांबवून विचारतो, की हा शब्द येथे का आला, ही चाल या ताली का बसली. आणि त्यांनाही सांगून ठेवले आहे, की तुम्हीही आम्हाला विचारा. नाही आले तर कोश काढू, मृदंगवाल्याला विचारू, टाळकऱ्यांशी बोलू. दर रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण असे बसतो. परवा एका पोराने विचारलेल्या शंकेचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. शोध चालू आहे, आणि या वयात तो शोध फार गोड वाटतो आहे.

वारकरी कीर्तनात बुवा एकटा नसतो. मागे टाळकरी आहेत, बाजूला मृदंग आहे, वीणा उभी आहे, समोर श्रोते आहेत. त्या सर्वांच्या आधाराने तो बोलतो, आणि तो चुकला तर त्याला सावरणारेही तेच. वारीच्या वाटेवर मुक्कामाला टेकलात, की शेजारच्या वारकऱ्याला एखाद्या अभंगाचा अर्थ अवश्य विचारा. त्याला येत असेल तर तुम्हाला लाभ होईल. येत नसेल तर दोघे मिळून पुढच्या मुक्कामापर्यंत त्याचे चिंतन करा. रामकृष्णहरि.